लहान होडीवाला आणि किनाऱ्याचे नियम

आमच्या गावी मृग लागण्याच्या सुमारास होड्या वर ओढतात. माडांच्या सावलीत, ओंडक्यांवर त्या उपड्या किंवा कलत्या ठेवतात आणि वर झापांचे छप्पर घालून त्यांना शाकारून टाकतात. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मागे एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या वाडीतले एक वयस्कर होडीवाले आपली होडी खाली न्यायला निघाले, तो पाणंदीच्या तोंडाशी नवाकोरा चिऱ्यांचा गडगा उभा! पाऊस पडत असताना, कोणाचे लक्ष नसताना, शेजारची आगरे विकत घेणाऱ्या गृहस्थांनी तो घातला होता. होडी गडग्याच्या अलीकडे, समुद्र पलीकडे.

गृहस्थ संध्याकाळी माझ्या ओटीवर आले. पायरीवरच बसले. म्हणाले, "मास्तरानू, होडी माझी आसा, दर्या देवाचो आसा. मगे मधली वाट कोणाची, ता माका सांगा."

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. घटनेची कलमे मला बऱ्यापैकी पाठ आहेत. पण या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आणि नंतर जे दिले ते चुकीचे दिले. त्या चुकीची हकीकत पुढे सांगणारच आहे. आधी प्रश्न नीट समजून घेऊ, कारण त्या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत: वाळू कोणाची, वाट कोणाची, आणि होडीवर हुकूम कोणाचा?

वाळूचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या २० व्या कलमात सार्वजनिक रस्ते, नद्या, नाले यांच्याबरोबर समुद्राचा आणि खाड्यांचा तळ, भरतीच्या खुणेच्या खालचा, सरकारच्या मालकीचा आहे असे म्हटले आहे. आता ही भरतीची खूण कुठली? रोजच्या भरतीची नव्हे, आणि वादळात लाट आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत आली म्हणून तीही नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे जे नेहमीचे उधाण येते, त्याचे पाणी वर्षातल्या कोणत्याही ऋतूत जास्तीत जास्त जिथवर पोचते ती ही खूण. आपल्या कोळी-गाबीत मंडळींना ती कायदा न वाचताच ठाऊक असते. सुके शेवाळ, काटक्या, नारळाच्या करवंट्या जिथे ओळीने पडून राहतात, ती रेघ. तिच्या खालच्या वाळूवर "खाजगी किनारा" अशी पाटी कोणी लावली असेल तर ती पाटी वाचून पुढे चालू लागावे.

रेघेच्या वरच्या जमिनीला मात्र मालक असू शकतो, आणि तो रीतसर मालक असतो. तिथे दुसरा कायदा येतो, ज्याला आता खेड्यातसुद्धा लोक "सीआरझेड" म्हणतात. किनारा नियमनाची ही अधिसूचना पहिल्यांदा १९९१ साली निघाली, २०११ साली बदलली, २०१९ साली पुन्हा बदलली. दोन वेळा बदलल्यामुळे कुठला माणूस कुठल्या सालाविषयी बोलतो आहे हेच पुष्कळदा कळत नाही. लोकांचा समज असा की सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावर काहीही करायचे नाही. तसे नाही. ग्रामीण किनाऱ्याच्या ज्या पट्ट्यात बांधकामाला एरवी मनाई असते, तिथेही मासळी वाळवण्याची खळी, जाळी दुरुस्त करण्याची जागा, होड्या बांधण्याची जागा यांना वाव ठेवलेला आहे. म्हणजे ज्याच्या नावाने आपल्याला भीती घातली जाते त्याच कागदात आपली सोयही लिहिलेली असते.

त्याच कागदात एक गमतीचे वाक्य आहे. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये निदान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी, असे १९९१ च्या अधिसूचनेत लिहिले. ठीक. पण पुढे लिहिले की या मोकळ्या जागा एकमेकींपासून ५०० मीटरपेक्षा कमी अंतरावर असू नयेत. आता लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा असे असावे की चालून थकण्याआधी माणसाला वाट सापडावी. प्रत्यक्षात जे लिहिले गेले त्याचा अक्षरशः अर्थ उलट होतो: वाटा जवळजवळ असता कामा नयेत! मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून दाखवतो. मुले हसतात. पण नियम समजत नाही तेव्हा दोष नेहमी वाचणाऱ्याचाच असतो असे नाही, एवढे त्यांच्या लक्षात येते.

आता वाट. आमच्या होडीवाल्यांचे दुखणे खरे इथे होते, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

गडगा घालणारे गृहस्थ काही दुष्ट नव्हते. त्यांनी पैसे मोजून जमीन घेतली होती. सातबारा स्वच्छ होता. त्यावर कुठे "पाणंद" असा शब्द नव्हता. त्यांच्या मुंबईच्या वकिलांनी कागद पाहून सांगितले, बोजा नाही. त्यांनी चिरे आणवले. आपल्याकडे सगळ्या गोष्टी सातबाऱ्यावर असतात असा एक भाबडा समज आहे. पण वाट पुष्कळदा सातबाऱ्यावर नसते, ती पायांखाली असते. आणि कायदा पायांखालची वाटही ओळखतो. सुविधाधिकारांचा कायदा १८८२ सालचा. दुसऱ्याच्या जमिनीतून एखादा माणूस उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षे ये-जा करीत असेल तर त्या वाटेवर त्याचा हक्क जडतो. जमीन सरकारी असेल तर ही मुदत तीस वर्षांची. याच कायद्याच्या १८ व्या कलमात स्थानिक रूढीमुळे मिळणाऱ्या हक्काचीही दखल घेतली आहे. म्हणजे सबंध वाडीच पिढ्यान् पिढ्या त्या वाटेने होड्या नेत असेल, तर ती रूढीसुद्धा कामाला येते.

हे मला पुस्तकातून माहीत होते. त्या जोरावर मी होडीवाल्यांना एक लांबलचक अर्ज लिहून दिला. भाषा अगदी फर्डी. अर्ज एका कचेरीत गेला. कचेरी कुठली ते सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. दोन महिन्यांनी उत्तर आले: सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मी मच्छीमार, होडी, किनारा हे शब्द पाहिले आणि मासळीशी संबंध असलेल्या कचेरीकडे धाव घेतली. प्रश्न मासळीचा नव्हता, वाटेचा होता. ते दोन महिने होडीवाल्यांच्या ऐन हंगामाचे गेले. होडी वळसा घालून, दुसऱ्याच्या अंगणातून, आठ माणसे लावून न्यावी लागे. आठ माणसे रोज कोण देणार? ते दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जाऊ लागले. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्यामुळेच मला अधिक टोचले.

मग तालुक्याच्या एका जुन्या वकिलांनी मला मामलेदार न्यायालय अधिनियम दाखवला. साल १९०६. शेतावर जाण्याचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागतात, हे पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक असते, ते याच कायद्याखाली. पण त्याच्या ५ व्या कलमात शेती, चराई, झाडे, पिके यांच्या जोडीने मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या जागांचेही नाव आहे, आणि अशा जागांकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटांचेही. होडी ओढून ठेवण्याची आमची जागा ही मासेमारीचीच जागा. शंभराहून अधिक वर्षे हा शब्द तिथे बसून आहे आणि किनाऱ्यावरच्या फार थोड्यांना तो माहीत आहे. मात्र या दरवाजाला एक कडी आहे. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावे लागते. आमचा पाचवा महिना चालू होता. एवढ्यातेवढ्याने वाचलो.

शिक्षक श्रोत्यांना मी हे मुद्दाम सांगतो आहे. खेड्यात अर्ज लिहायला माणसे तुमच्याकडेच येतात. "बघू, दिवाळी होऊन जाऊ दे," असे तुम्ही सहज म्हणाल, आणि दिवाळीबरोबर मुदतही जाईल. अडवणूक झाल्याचा दिवस आधी लिहून ठेवा. मग भूमी अभिलेखाच्या कचेरीतून गावचा नकाशा काढा, त्यावर वाटेची रेघ आहे का ते पाहा. आणि एक कागद आणखी विचारा, ज्याचे नाव ऐकून तिथला तरुण कारकूनसुद्धा एखादे वेळी तुमच्याकडे पाहत राहील: वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी, पण आहे आपल्याच महसूल अधिनियमाच्या १६५ व्या कलमात. सरकारची नसलेल्या जमिनीतून आणि पाण्यातून गावाच्या रूढीने चालत आलेले जाण्यायेण्याचे हक्क, मासे धरण्याचे हक्क, हे जिल्हाधिकाऱ्यांनी गाववार नोंदवून ठेवायचे, ती ही नोंद. ती असली तर अर्धी लढाई जिंकलीच. नसली तर ती करून घेण्याचा आग्रह ग्रामसभेने धरावा.

आमच्याकडे नोंद नव्हती. होते ते साक्षीदार. जागेची पाहणी झाली त्या दिवशी मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन चाळीस-चाळीस वर्षे त्या वाटेने गेलेल्या बायका आल्या. एकीने वाटेतला एक दगड दाखवला. पाटी उतरवून टेकायचा तो दगड, वर गुळगुळीत झालेला. माझ्या फर्ड्या अर्जापेक्षा तो दगड अधिक बोलला असे मला वाटते. वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. जमिनीच्या मालकीचा शेवटचा निकाल दिवाणी न्यायालयातच लागायचा, तो दरवाजा दोन्ही बाजूंना उघडाच असतो. पण तोपर्यंत होडी चालली पाहिजे, आणि या जुन्या कायद्याचे काम नेमके तेवढेच आहे.

राहिला तिसरा प्रश्न. होडीवर हुकूम कोणाचा?

इथे गोंधळ खरा आहे, आणि तो कमी होईल असे मी आश्वासन देत नाही. साधी कसोटी सांगतो. होडी काय आहे हे पाहू नका, ती काय करते ते पाहा. मासे धरते? मग मत्स्यव्यवसाय विभाग. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ आणि त्यात २०२१ साली झालेल्या सुधारणा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा अंमल, त्यापलीकडे केंद्राचा. माणसे वाहते? मग महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे आपण ज्याला अजूनही बंदर खाते म्हणतो ते. पोलीस आणि तटरक्षक दल दोघांनाही विचारतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रावाटे आले, तेही एका मासेमारी बोटीचा ताबा घेऊन. तेव्हापासून नोंदणी क्रमांक, ओळखपत्रे, बोटीचा ठराविक रंग हे सारे कडक झाले. ओळखपत्र घरी विसरून समुद्रावर जाणारा आमचा भाबडा खलाशी त्यात उगाच अडकतो, पण विचारणाऱ्याचेही चुकते असे म्हणवत नाही.

खरी पंचाईत होते ती मे महिन्यात. मुलगा म्हणतो, बाबा, मासळी नाही, पर्यटक आहेत. चार माणसे घेऊन डॉल्फिन दाखवून आणतो. सकाळी मासेमारीची होडी, दुपारी प्रवासी होडी! मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो प्रसंग आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. प्रवासी न्यायचे तर वेगळी तपासणी, किती माणसे बसवायची तो आकडा, आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट हे आलेच.

दुसरी पंचाईत पावसाळी बंदीची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. वल्ह्याच्या आणि शिडाच्या, बिगरयांत्रिक होड्यांना ती नसते. मग मागे अडकवायचे काढघाल करता येण्याजोगे यंत्र असेल तर? आमच्या होडीवाल्यांनीच मला विचारले, "यंत्र घरात ठेवलंय, मगे होडी वल्ह्याचीच झाली ना?" तर्कशास्त्राच्या परीक्षेत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण अधिकारी यंत्र कुठे आहे ते पाहत नाही, नोंदणीत काय लिहिले आहे ते पाहतो. तेव्हा वाद घालण्यापूर्वी नोंदणीचा कागद आपणही एकदा वाचावा.

त्यात आणखी भर अशी की कायद्यांची नावेच बदलली आहेत. १९१७ च्या अंतर्देशीय नौका कायद्याच्या जागी २०२१ चा आला. १९०८ चा बंदर कायदा आणि १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा यांच्या जागी संसदेने २०२५ साली नवे कायदे केले. घरातल्या जुन्या दाखल्यावर जुने नाव दिसले म्हणून तो फाडू नका, आणि तो पुरेसा आहे असेही धरून चालू नका. परवान्याच्या नूतनीकरणाला जाल तेव्हा दोन्ही बरोबर न्या.

आता साधनांबद्दल. नियमांच्या यादीत काय काय आहे ते तुम्हांला कचेरीत मिळेल. मी फक्त जाकिटाबद्दल बोलतो, कारण त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त हसू आणि सगळ्यात जास्त भीती वाटते.

जुने होडीवाले म्हणतात, आम्ही दर्यावर जन्मलो, आम्हांला पोहायला येते. खरे आहे. पण डोलकाठी डोक्यात बसली तर पोहणारा माणूसही दगडासारखा जातो. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. छातीत हवा भरलेली असेल तर बुडायला फार थोडे वजन उरते. खरे ओझे असते ते पाण्याबाहेर काढलेल्या डोक्याचे, सुमारे पाच किलोचे. ते उचलून धरायचे, एवढेच जाकिटाचे काम. त्यावर "१०० न्यूटन" असे लिहिलेले असते, म्हणजे साधारण दहा किलोची उचल. शिवाय चांगले जाकीट माणसाचे तोंड वर वळवते. रिकामे वीस लिटरचे प्लास्टिकचे कॅन जवळजवळ वीस किलो उचलते. मग तेच का नको? कारण कॅन हातांनी धरावे लागते, आणि हात थकतात. शुद्ध हरपली की सुटतात. लहानपणी आम्ही विहिरीत सुक्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून पोहायला शिकलो. भोपळा हातात धरून कोणी शिकवले नाही!

जाळे ओढताना जाड जाकीट आड येते, ही तक्रार मात्र खरी आहे. तपासणीच्या दिवशी ती झाकण्यासाठी जाकिटे नव्या पिशवीत, नाळेखाली, गाठ मारून ठेवलेली मी पाहिली आहेत. कागदाप्रमाणे होडी सुरक्षित. बुडायला जो वेळ लागतो त्यात ती गाठ सुटत नाही. अंगाबरोबर बसणारी, बाह्या नसलेली, हालचालीला मोकळी जाकिटे मिळतात. माणशी एक घेताना ती अंगात घालून, जाळे ओढल्यासारखे करून पाहावे आणि मग पैसे द्यावेत.

आमच्या आजोबांच्या पिढीला "रामदास" बोट पुरली. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली, ऐन पावसाळ्यातली; सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या पिढीने नोव्हेंबर २००९ मधले फयान पाहिले, समुद्रावर गेलेल्या होड्यांची वाट पाहत बसलेल्या बायका पाहिल्या. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी, पाऊस नाही, वादळ नाही, भर दिवसा, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जण दगावले. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की आपण सावध होतो. त्या दिवशी कुठलाही बावटा नव्हता.

दोन आकडे लिहून घ्या, होडीच्या आतल्या फळीवर रंगाने लिहा: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. मोबाइल किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मुका होतो. ज्यांच्याकडे व्हीएचएफ यंत्र आहे त्यांनी संकटात सोळा नंबरचा मार्ग धरावा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. ही गाठ चालेल.

आमचे होडीवाले आता सत्तरीकडे आले. गडग्यात भोक पडले आहे, पण हुकुमात जेवढी रुंदी लिहिली गेली तेवढेच. होडी जाते, उलांडी अडते. म्हणून रोज पहाटे ते उलांडी सोडतात, होडी पलीकडे काढतात आणि वाळूवर ती पुन्हा बांधतात. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा अंगात नारिंगी जाकीट होते. रुंदीसाठी पुन्हा अर्ज करायचा का, असे मी विचारले. ते सुंभाची गाठ आवळीत होते. म्हणाले, "करूया. पण ह्या खेपेक खयच्या कचेरीत, ता आधी विचारून घेवा."